सर्जेरावचा मोडका कान

"हलू नका!"

मी ओरडले आणि समोरचा माणूस हलायचाच काय, श्वास घ्यायचाही थांबला. गाल फुगले, डोळे वटारले, दोन्ही हात मांड्यांना चिकटले. मागच्या पडद्यावर रंगवलेला बगीचा, कारंजं आणि दोन पांढरी बदकं. त्या बदकांच्या मधोमध हा दाराएवढा गडी पोलीस ठाण्यात आणून उभा केल्यासारखा उभा.

"अहो पैलवान, श्वास घ्या की!"

"तुम्हीच म्हणलासा न्हवं, हलू नका."

"श्वास घेतल्यानं कुणी हलत नाही!"

"माझी छाती हलती की ताई," तो बिचारा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्यानं श्वास सोडला आणि शर्टाची गुंडी ताणली गेलेली मी कॅमेऱ्याच्या काचेत पाहिली. कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून हुसेन वस्ताद बसले होते. त्यांचा चेला एका पोरीसमोर फोटोला उभा आहे, हे त्यांना बघायचं नव्हतं. पण चेल्याला एकटं सोडायचंही नव्हतं. म्हणून ते भिंतीशी बोलत होते.

"झालं का न्हाई अजून? ह्या वक्तापर्यंत कुस्ती निकाली निघती."

ही गोष्ट रोलच्या जमान्यातली. कुरुंदवाडात नदीकडे जाणाऱ्या वाटेवर माझ्या मामाचा स्टुडिओ होता, छाया फोटो स्टुडिओ. मामा म्हणजे भूपाल मगदूम. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांना मामानंच माना ताठ करायला लावलेल्या. मी, त्याची भाची त्रिशला, बारावीनंतर त्याच्याकडे आले ती डार्करूममध्येच जाऊन बसले. धुणं, प्रिंट काढणं आणि रिटचिंग ही माझी कामं. रिटचिंगमध्ये मात्र माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. पुटकुळ्या, देवीचे व्रण, कपाळावरची खोक, सगळं ब्रशनं आणि ब्लेडच्या टोकानं असं गायब करायची की फोटो बघून नवरदेव स्वतःवरच खूश व्हायचा. मामाचा शिरस्ताच होता, आमच्या दारातून कुणी कुरूप होऊन बाहेर जायचं नाही.

पण कॅमेऱ्यामागं उभं राहायला मिळेल तर शपथ. पासपोर्ट साईझ तेवढे माझे, पोर्ट्रेट मामाचं.

त्यात मामाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. बाबांनी लगेच शिरोळात झेरॉक्सचं मशीन बघून ठेवलं. म्हणाले, "आता फोटो बास. पोरीला झेरॉक्स टाकून देऊ, लग्न होईपर्यंत बरं आहे." मी तिथंच पाय आपटला. तेव्हा मामा मध्ये पडला. "दाजी, एक संधी द्या. तिनं एक पोर्ट्रेट असं काढू दे, की गिऱ्हाईक आपल्या पायानं परत येऊन दुसरी कॉपी मागंल. मागितली, तर स्टुडिओ तिचा. न्हाईतर आणा तुमचं मशीन." बाबा हो म्हणाले. कारण पोर्ट्रेट मला काढायलाच मिळत नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मामा ऑपरेशनला मिरजेला गेला त्याच आठवड्यात वस्ताद दारात आले.

नदीपलीकडच्या माळेवाडीची यात्रा होती. यात्रेत कुस्त्यांचं मैदान. त्याचं हे मोठं पोस्टर निघायचं, ते एसटी स्टँडपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे लागायचं. बारीकसारीक कुस्त्यांची नुसती नावं छापायची. मोठ्या कुस्त्यांच्या पैलवानांचे फोटो यायचे. सर्जेराव खोतला यंदा पहिल्यांदा फोटोची कुस्ती मिळाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं फोटो जयसिंगपूरच्या प्रेसमध्ये पोचला नाही, तर पुन्हा आपलं नुसतं नाव.

"भूपालअण्णा कुठं हाईत?" वस्तादांनी दारातूनच विचारलं होतं.

"मिरजेला. डोळ्याचं ऑपरेशन."

"मग फोटो कोण काढणार?"

"मी."

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून. "न्हाई न्हाई. पैलवान गडी उघड्या अंगानं बाईमाणसासमोर? तालमीत कळलं तर मला तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई."

"मग जावा जयसिंगपूरला. तिथला फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरला बेळगावात गेलाय," मी म्हटलं. थाप नव्हती. त्याच्याकडचे रोल मीच धुवायची, म्हणून मला माहीत.

शेवटी तोडगा निघाला. शर्ट काढायचा नाही, फक्त वरची दोन बटणं. वस्ताद खोलीत बसणार. आणि आमची मामी दारात तांदूळ निवडत बसणार.

तर असा तो पहिला दिवस. सर्जेरावचा आयुष्यातला पहिला फोटो. शाळेतला एक होता, पण त्यात म्हणे पुढच्या पोरानं ऐन वेळी हात वर केला आणि ह्याचं तोंड झाकलं गेलं. मामा करायचा ते सगळं मी केलं. मान ताठ, हनुवटी वर, समोरून दोन मोठे दिवे, श्वास धरा, हलू नका. प्रत्येक वेळी बटण दाबलं की त्याचे डोळे मिटायचे. आखाड्यात समोरचा अंगावर धावून आला तरी न हलणारा हा माणूस, आणि माझ्या चिमूटभर क्लिकला घाबरतोय! मला हसू येत होतं आणि रडूही.

"कशाला डोळे मिटताय?"

"आपोआप मिटतंय वो. काय तरी अंगावर येतंय असं वाटतंय."

संध्याकाळी रोल धुतला. सगळ्या रोलमध्ये एकात डोळे उघडे होते. बाकीच्यात सर्जेराव झोपलेला किंवा शिंकायच्या बेतात. पण एक तर एक! मी प्रिंट काढला आणि ब्रश घेऊन बसले. गालावरचा ओरखडा घालवला. भुवईतली खोक भरली. आणि मग उजव्या कानाकडे वळले. अगं बाई, तो कान! कणकेचा गोळा कुणी मुठीत दाबून ठेवावा तसा. ना पाळी, ना वळण, ना भोक. मला इतकी दया आली त्या पोराची. एवढा राजबिंडा गडी आणि हा असा कान घेऊन पोस्टरवर जाणार? मी जीव ओतला. ब्लेडनं खरवडलं, शाईनं वळण काढलं, हळूहळू एक सुरेख, नाजूक कान उभा केला. मामीला दाखवला. मामी म्हणाली, "किती गं गोजिरा दिसतोय." मी रात्री खुशीत झोपले. दुसरी कॉपी काय, चार मागतील!

सकाळी दोघं आले. मी पाकिटातून फोटो काढून सर्जेरावच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

तो फोटोकडं बघतच राहिला. मग खिडकीपाशी गेला. मग परत आला.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच की."

त्यानं आपला जाडजूड अंगठा फोटोवरच्या कानापाशी नेला. "आणि माझा कान कुठं हाय?"

"हा काय. नीट केला मी. बघा, कळतसुद्धा नाही."

मला वाटलं होतं तो लाजेल, हसेल. त्याचे डोळे भरून आले. खरंच सांगते, पाणी आलं. तो वस्तादांकडे वळला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "वस्ताद, कान घालवला वो हिनं माझा."

वस्तादांनी फोटो हिसकावून घेतला. पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड माझ्याकडं झालं. "काय केलंस हे पोरी? अगं, ह्यो कान न्हाई, ह्यो दाखला हाय! तालमीत डोकं घासून घासून, मार खाऊन खाऊन कान मोडतो. कान मोडल्याबिगर पैलवान म्हणत न्हाई कुणी. ह्यो फोटो पोस्टरवर लागला तर माळेवाडीची पोरं हसतील. म्हणतील, ह्यो गडी तालमीत गेलाय का ब्युटी पार्लरात?"

माझं तोंड एवढंसं झालं. मामी सूप खाली ठेवून म्हणाली, "मला काय ठाऊक बाई." मला तरी कुठं ठाऊक होतं! व्यंग दिसलं की पुसायचं, एवढंच मला आजवर शिकवलेलं.

"चल सर्जा," वस्ताद म्हणाले. "नाव छापू दे नुसतं. फोटोचं नशीब न्हाई तुझ्या."

सर्जेराव दाराकडं वळला. चप्पल शोधू लागला, आणि त्याची ती वाकलेली भली मोठी पाठ बघून माझं डोकंच फिरलं. रागच आला, माझा मला. आणि त्यांचाही.

मी पळत जाऊन दार अडवलं.

"जायचं नाही! गाडी दुपारची आहे. अजून सकाळ आहे. मला परत काढायचाय फोटो."

"सर बाजूला पोरी."

"नाही सरत. तुमचा चेला एकदा खाली आला की आखाडा सोडून घरी जातो का?"

वस्ताद थबकले. त्यांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. रागच होता का हसू, अजून सांगता येत नाही. पण ते परत बाकावर बसले. या वेळी भिंतीकडे पाठ करून.

मी नवा रोल भरला. पण सर्जेराव बदकांसमोर उभा राहिला आणि कालचंच सुरू. गाल फुगले, हात चिकटले. मी कॅमेऱ्यात वाकून बघत होते आणि मला एकदम कळेना की काय सांगू. मामाची सगळी वाक्यं संपली होती. म्हणून मी विचारलं, उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मोडला कसा हो तो कान?"

त्यानं श्वास सोडला. "त्यो? लई मोठी गोष्ट हाय."

"सांगा की."

"मी बारीक हुतो तवा. काडी म्हणायचे मला. वस्ताद मला रोज तुकारामबरोबर लावायचे. त्यो तुक्या म्हंजी नुसता रेडा. माझी मान काखेत धरायचा आणि फिरवायचा. असं." त्यानं हवेत एक अदृश्य मान धरली. "कान तापायचा. मग एक दिवस फुगला, रगत भरलं आत. आई बघून रडाय लागली. म्हणाली, बास झाली कुस्ती, माझ्या पोराचा कान गेला. मी टॉवेल गुंडाळून तालमीला जायचो, तिला दिसू नये म्हणून."

"खोटं बोलालाय," वस्ताद मध्येच म्हणाले. "टॉवेल गुंडाळून येत हुतास ते मला दिसू नये म्हणून. मी घरी धाडीन ह्या भ्यानं."

"तसंच आपलं. पर एक दिवस कान वाळला. घट्ट झाला. आणि त्या दिवशी..." तो थांबला, लाजला. "तवर वस्ताद मला ए पोऱ्या म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणले, पैलवान, जरा माती उकरा. मला आधी कळंनाच कुणाला बोलालेत."

त्याचं तोंड बदललं होतं. गाल उतरले, डोळे आतून उजळले. हाच, हाच माणूस हवा होता मला, आणि मी बटण दाबायचं विसरून ऐकत बसले होते! बदकं मागं, दिवे समोर, आणि त्या सपाट उजेडात तो कान नुसता डाग दिसत होता.

"तुकारामनं कशी धरली होती मान? मला नीट दाखवा. वस्ताद, तुम्ही व्हा तुकाराम."

"मी?"

"मग काय मी होऊ?"

"अगं काय बोलतीस!" मामी दारातून ओरडली.

वस्ताद उठले, टोपी काढून बाकावर ठेवली. "अशी न्हवं रं, अशी धरायचा त्यो." त्यांनी सर्जेरावची मान काखेत घेतली. सर्जेराव फिरला, पाय लागला, फुलदाणी गेली, बगीच्याचा पडदा अर्धा खाली आला.

"बाहेर! बाहेर चला परसात!" मी कॅमेरा छातीशी धरून ओरडले.

परसात मामानं न्हाणीघराच्या बांधकामाला मातीचा ढीग आणून टाकला होता. सकाळचं ऊन आंब्याच्या बाजूनं तिरकं येत होतं. माती बघितली आणि दोघांचंही भान सुटलं. सर्जेरावनं कधी शर्ट काढून दोरीवर टाकला हे त्यालाही कळलं नाही आणि वस्तादांनाही. मूठभर माती उचलून त्यानं कपाळाला लावली, वस्तादांच्या पायाला हात लावला आणि शड्डू ठोकला. वाळत घातलेल्या मामीच्या पातळाशेजारी तो आवाज असा घुमला की शेजारच्या परड्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"ये पैलवान!" वस्ताद म्हणाले.

आणि मी! मी काय करत होते म्हणून सांगू! आमच्या त्या कॅमेऱ्यात वरून डोकावून बघायचं, आणि काचेत सगळं उलटं दिसतं. माणूस डावीकडं गेला की काचेत उजवीकडं जातो. ते दोघं फिरत होते, मी त्यांच्याभोवती फिरत होते, चुकीच्या बाजूला वळत होते, विटांना अडखळत होते. मामी "अगं पडशील, अगं पडशील" करत मागं. मी ओरडत होते, "तोंड इकडं! नाही, बघू नका माझ्याकडं! तुकारामाकडं बघा!" एक, दुसरा, तिसरा, किती काढले कुणास ठाऊक. मग वस्तादांनी डाव टाकला, सर्जेराव त्यातून निसटला, दोन पावलं मागं आला, आणि थांबला. धापा टाकत. मान जराशी वळलेली, नजर वस्तादांच्या खांद्यावर, कुठून शिरू म्हणत. उजव्या बाजूनं ऊन आलं आणि तो मोडका कान, त्याची प्रत्येक घडी, दगडात कोरल्यासारखी उजळली.

मी दाबलं. डोळे मिटले नाहीत त्याचे. मी आहे हेच तो विसरला होता.

पुढचं दाबायला गेले तर रोल संपलेला.

"थांबा! झालं!" मी ओरडले. दोघं मातीनं माखलेले, वस्तादांचा सदरा फाटलेला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, मग दोरीवरच्या शर्टाकडं, मग माझ्याकडं. सर्जेरावनं झटकन हात छातीवर धरले. पण आता उशीर झाला होता, हे तिघांनाही कळलं.

आता खरी कसोटी. मिळालाय का काही? रोल धुतला. हातांना घाई झालेली आणि घाई करून चालत नाही. निगेटिव्ह वाळायलाही वेळ नव्हता, ओल्याच पट्टीवरून शेवटचा फोटो कागदावर टाकला आणि कागद पाण्यासारख्या औषधाच्या थाळीत बुडवला. लाल दिव्यात मी वाकून बसले. दाराबाहेर सर्जेराव.

"ताई, आला का कान?"

"थांबा!"

"आला का?"

"अहो थांबा ना!"

कागद पांढराच. मग केस आले. मग मानेखालची सावली. मग कानामागचा काळोख, आणि त्या काळोखातून हळूहळू एक एक घडी वर आली. डोळे नंतर आले, नाक नंतर आलं. आधी कान आला.

"आला!" मी किंचाळले. "आला हो पैलवान, कान आला!"

बाहेर दार हाणल्याचा आवाज झाला. वस्ताद ओरडले, "दार उघडू नगो, आत उजेड जाईल, एवढं मलाबी कळतंय!" आणि मामी हसत सुटली.

ब्रशला मी हात लावला नाही. ओला प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळून वस्तादांच्या हातात दिला. एसटी स्टँडकडे ते मातीनं भरलेल्या फाटक्या सदऱ्यातच पळाले. टोपी बाकावर राहिली.

पोस्टर लागलं. मी मामीला घेऊन मुद्दाम स्टँडवर बघायला गेले. सगळे पैलवान हाताची घडी घालून, गदा खांद्यावर घेऊन उभे. आणि त्यांच्यात एकच असा, की जो आत्ता पोस्टरातून पुढं येतोय. माणसं त्याच्यासमोर थांबत होती. मी अर्धा तास तिथं रेंगाळले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, हा मी काढलाय, हा मी. पण सांगणार कुणाला? मामी कंटाळली आणि केळी घेऊन आम्ही परत आलो.

आमच्याकडं बायका तेव्हा कुस्तीच्या मैदानाला जात नसत. यात्रेच्या दिवशी वारा आमच्या बाजूला होता, म्हणून नदीवरून हलगी ऐकू येत होती. मी गच्चीत उभी. हलगी वाढली, वाढली आणि एकदम मोठा गलका झाला. कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी दूधवाला सांगून गेला. "तुमचा फोटोतला पैलवान पडला की वो. लई झुंजला, पर पडला. पाठ लागली."

त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि माझ्यासाठीही वाटलं, लपवत कशाला. हरलेल्या पैलवानाच्या फोटोची दुसरी कॉपी कोण मागणार? पोस्टरावर शेण फेकणारी गावं आमची. मी झेरॉक्स मशीनचा आवाज मनात ऐकू लागले.

मामा मिरजेहून आला. एका डोळ्यावर हिरवं फडकं. त्याला मी सगळं सांगितलं, फुलदाणीपासून. त्याच निगेटिव्हवरून माझ्यासाठी काढून ठेवलेला प्रिंट त्याच्या हातात दिला. उघड्या डोळ्यापाशी धरून त्यानं बराच वेळ पाहिला.

"रिटचिंग?"

"नाही केलं."

"हं," मामा म्हणाला. चहा पिऊ लागला.

तेवढ्यात वस्ताद दारात. मागं सर्जेराव, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पडल्यावर माणूस तोंड लपवतो तसाच. मला त्याच्याकडं बघवेना.

"भूपालअण्णा, डोळा बरा हाय न्हवं?" वस्तादांनी टोपी बाकावरून उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. "आमचं एक काम हुतं. त्या फोटोची अजून एक कॉपी पायजे. मोठी. तालमीत लावायची."

मामाचा कप बशीवर वाजला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण पडले ना ते?"

वस्ताद माझ्यावर खेकसले. "पडला तर काय झालं? पडला म्हणून पैलवानकी गेली व्हय? तालमीत सगळे पडलेलेच हाईत, मीबी हाय. पोरं त्यो फोटो बघतील, नजर कशी ठेवायची ते शिकतील." मग जरा घसा खाकरून म्हणाले, "आणि खाली नाव लिव. काढणाऱ्याचं."

"मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का मारते की," मी म्हटलं.

"स्टुडिओनं काढलाय व्हय? तुझं नाव लिव. पुढच्या बाजूला, दिसंल असं."

"वस्ताद, तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकायला बंदी आहे ना?" मी विचारलं.

वस्तादांनी विचार केला. मिशीच्या टोकाला पुन्हा तेच हललं, आणि या वेळी मला नीट कळलं की ते हसू होतं.

"नावाला कुठं पाय असत्यात, फोटोग्राफर?"

फोटोग्राफर! मला आधी कळेनाच कुणाला बोलले ते. मग एकदम कळलं, आणि मी मामाकडं पाहिलं. मामा आपलं हिरवं फडकं उगीचच चाचपत होता. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, पाणी दोन्हीला येत होतं.

सर्जेराव मात्र या सगळ्यात नव्हताच. तो आपला आपण जाऊन स्टुलावर बसला होता, बदकांच्या समोर. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं शर्ट काढून गुडघ्यावर ठेवला आणि मग डोक्याचा टॉवेल सोडला. डावा कान लालबुंद, टम्म फुगलेला, उजव्याच्या वाटेवर निघालेला. हे एवढं हसू तोंडावर.

"ताई," तो म्हणाला, "परवाच्या कुस्तीत ह्योबी फुगला. आता ह्या बाजूनं एक काढा."

मामा सवयीनं कॅमेऱ्याकडं गेला. वाकला. "हं, मान ताठ. हनुवटी वर..."

"मामा," मी म्हटलं, "जरा बाजूला."

मामानं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि तो बाजूला झाला. मी कॅमेरा उचलला, परसाचं दार उघडलं. ऊन आलेलं होतं.

"हलू का नगो?" सर्जेरावनं विचारलं.

"हला, पैलवान," मी म्हटलं. "हवं तेवढं हला."